अंगणातली शाळा

१. फळ्यावरचा कागद

आमच्या रात्रीच्या वर्गात एक आजी येतात. वय साठीच्या पुढे. मागच्या वर्षी त्यांना अ आ सुद्धा येत नव्हते. आता त्या हळूहळू, अक्षरावर बोट ठेवून वाचतात.

एके दिवशी त्या दळण घेऊन परत येत होत्या. वाटेत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नवा कागद चिकटवलेला दिसला. चारदोन माणसे तिथे उभी होती. कुणी तंबाखू मळत होते, कुणी गप्पा मारत होते. कागदाकडे कुणाचेच लक्ष नव्हते. आजींनी डोक्यावरचा डबा खाली ठेवला आणि वाचू लागल्या.

"अंग... अंगण... अंगणवाडी. अंगणवाडी सेविका. एक जागा. शिक्षण बारावी पास. अर्जाची शेवटची तारीख..."

तारीख वाचली आणि आजी दचकल्या. फक्त दोन दिवस उरले होते.

दळणाचा डबा तिथेच राहिला. आजी तडक वर्गाच्या मास्तरांकडे आल्या.

"मास्तर, म्या वाचलं ते बरोबर हाय का, एवढं बघा. आमची सून बारावी शिकल्याली हाय. तिला ही नोकरी व्हईल का?"

मास्तर फळ्यापाशी गेले. आजींनी वाचले होते ते अक्षरन् अक्षर बरोबर होते.

आता या घरची हकिकत ऐका. आजींचा मुलगा दोन वर्षांपूर्वी वारला. सून तिशीच्या आतली. तिला दोन लेकरे. मुलगी चौथीत, मुलगा तीन वर्षांचा. सून रोजाने शेतावर जाते. आजी शेळ्या राखतात. मग धाकट्याला कोण बघणार? गावच्या अंगणवाडीच्या सेविका वय झाल्याने निवृत्त झाल्या होत्या. शेजारच्या वाडीच्या सेविकेकडे या अंगणवाडीचा जादा भार दिला होता. बिचारी आठवड्यातून दोन दिवस येई. बाकीचे दिवस दाराला कुलूप. म्हणून चौथीतली मुलगी शाळा सोडून भावाला कडेवर घेऊन बसे. तीन महिन्यांत तिचे पाढेही विसरायला झाले होते.

पण सुनेने मागे नोकरीचा विषय काढला, तेव्हा आजीच तिला म्हणाल्या होत्या, "लोकांची शेंबडी पोरं पुसायला कशाला शिकलीस?"

मास्तरांनी आजींना बसवले. म्हणाले, "आजी, हे काम शेंबूड पुसण्याचेही आहे. पण तेवढेच नाही. या कामासाठी मोठमोठ्या माणसांनी आपल्या चांगल्या नोकऱ्या सोडल्या. त्यांची गोष्ट सांगतो. मग सूनबाईंना काय सांगायचे ते तुम्हीच ठरवा."

मास्तरांनी जे सांगितले, ते आपणही वाचू या.

२. वकिली सोडून बालमंदिरात

गुजरातेत भावनगर नावाचे शहर आहे. तिथे गिजुभाई बधेका नावाचे गृहस्थ होते. ते १८८५ साली जन्मले. शिकून वकील झाले. पुढे त्यांना मुलगा झाला. याला शिकवायचे कसे, असा विचार त्यांच्या मनात आला. त्या काळच्या शाळेत छडी होती, घोकंपट्टी होती. लहान मूल तिथे भेदरून जाई.

त्याच सुमारास मारिया माँटेसरी या बाईंचे विचार त्यांच्या वाचनात आले. माँटेसरीबाई इटली देशातल्या डॉक्टर. त्यांनी १९०७ साली रोम शहरात गरीब कामगारांच्या मुलांसाठी एक बालघर उघडले होते. मूल हाताने काम करून शिकते, त्याला मारू नये, धाक घालू नये, त्याच्या हाताला योग्य वस्तू द्याव्यात, असे त्या सांगत.

गिजुभाईंना हे पटले. त्यांनी वकिली सोडली आणि १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू केले. गिजुभाईंना झुपकेदार मिशा होत्या आणि मुलांवर त्यांची माया आईसारखी होती. म्हणून लोक त्यांना 'मिशीवाली आई' म्हणू लागले.

आपल्याकडे अजून कुणी म्हणते, 'पोरे सांभाळणे हे बायकांचे काम.' त्याला गिजुभाईंची ही गोष्ट जरूर सांगावी.

३. ताराबाई आणि अनुताई

ताराबाई मोडक १८९२ साली मुंबईत जन्मल्या. त्या काळी बाई पदवीधर होणे ही मोठी गोष्ट होती. ताराबाई पदवीधर झाल्या. राजकोटला शिक्षिका तयार करणाऱ्या कॉलेजात त्या मुख्य झाल्या. मोठा मान, चांगला पगार. तो सोडून त्या भावनगरला गिजुभाईंच्या कामात गेल्या.

१९२६ साली नूतन बालशिक्षण संघ ही संस्था स्थापन झाली. एकट्यादुकट्याचे काम एका माणसाबरोबर संपते. संस्था असली की काम पुढे चालते. या संघाने बालशिक्षणाचे मासिक काढले, शिक्षक तयार केले. १९३६ साली ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केला.

पण ताराबाईंच्या मनात एक प्रश्न सलत होता. शहरातल्या खाऊनपिऊन सुखी घरची मुले बालमंदिरात येतात. खेड्यातल्या आणि पाड्यावरच्या मुलांचे काय?

म्हणून १९४५ साली त्या बोर्डी या गावी गेल्या. हे गाव समुद्रकाठी आहे. तेव्हा ते ठाणे जिल्ह्यात होते, आता पालघर जिल्ह्यात आहे. त्या वेळी ताराबाईंचे वय ५३ होते. या वयात माणूस विसाव्याचा विचार करतो. ताराबाईंनी नव्या कामाला हात घातला.

त्यांच्या मदतीला अनुताई वाघ आल्या. अनुताई १९१० साली पुणे जिल्ह्यातल्या मोरगाव येथे जन्मल्या. तेराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले आणि थोड्याच महिन्यांत त्या विधवा झाल्या. त्या काळी अशा मुलीच्या वाट्याला काय येई, ते जुन्या माणसांना ठाऊक आहे. पण अनुताई शिकल्या, शिक्षिका झाल्या. बोर्डीला आल्या त्या पुन्हा मागे गेल्याच नाहीत. १९९२ साली त्यांचे निधन झाले. म्हणजे ४७ वर्षे त्यांनी एकाच कामाला वाहिली.

४. मुले येत नाहीत, तर शाळा जाईल

बोर्डीला बालवाडी उघडली, पण पाड्यावरची गरीब मुले येईनात. त्यांना शाळेची भीती. अंगावर धड कपडा नाही. आईबाप पहाटेच कामावर जात.

दुसरे कुणी म्हणाले असते, 'या लोकांना शिक्षणाची आवडच नाही.' ताराबाई तसे म्हणाल्या नाहीत. त्या आणि अनुताई स्वतःच वस्तीवर गेल्या. तिथल्याच एका अंगणात मुलांना गोळा केले. आंघोळी घातल्या, केस विंचरले, गाणी म्हटली, गोष्टी सांगितल्या. अंगणात भरणारी वाडी म्हणून ती अंगणवाडी! आज देशभर चालणारा हा शब्द आपल्याच मातीतला आहे.

बालशिक्षणाची साधने परदेशी आणि महाग असत. ती खेड्यात कोण विकत घेणार? म्हणून त्यांनी शंखशिंपले, बिया, पाने, खडे, काड्या हीच साधने केली. चिंचोके मोजून मूल गणित शिकते. लहानमोठी पाने लावून लहानमोठे शिकते. पैसा लागत नाही, बुद्धी लागते.

१९५७ साली हे काम डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर गेले. आसपास वारली आदिवासींचे पाडे. तिथे नवी अडचण आली. मोठी मुले शाळेत का येत नाहीत? तर ती घरी धाकट्या भावंडांना सांभाळतात. आणि काही गुरांमागे जातात.

यावर त्यांनी तोड काढली. तान्ह्यांसाठी पाळणाघर, त्याला लागून बालवाडी, त्याला लागून प्राथमिक शाळा. तिन्ही एकाच जागी. बहीण भावाला घेऊन आली, तर भाऊ पाळणाघरात आणि बहीण वर्गात. याला त्यांनी विकासवाडी म्हटले. गुराख्यांसाठी कुरणातच शाळा भरवली. तिला कुरणशाळा म्हटले.

इथे आजी मध्येच बोलल्या, "मास्तर, ही तर आमच्या नातीची गत हाय! ती बी भावापायीच घरी बसलीय."

"होय आजी. म्हणून तर ही गोष्ट सांगतो. अंगणवाडी बंद पडली की नुकसान फक्त धाकट्याचे होत नाही. थोरल्या बहिणीची शाळा बुडते आणि आईचा रोज बुडतो. एका कुलपाने तीन माणसे अडतात."

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण हा सन्मान मिळाला. अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली.

५. आजची अंगणवाडी

पुढे सरकारनेही हे काम हाती घेतले. २ ऑक्टोबर १९७५, गांधीजयंतीच्या दिवशी, एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. सुरुवातीला देशभरात फक्त ३३ प्रकल्प होते. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. महाराष्ट्रात एक लाखाच्या वर आहेत. साधारणपणे ४०० ते ८०० लोकवस्तीला एक अंगणवाडी असावी, असा नियम आहे. आदिवासी भागात ३०० वस्तीलाही ती मिळू शकते.

अंगणवाडीची कामे सहा :

पहिले, पूरक आहार. मुलांना, गरोदर बाईला आणि अंगावर पाजणाऱ्या आईला.
दुसरे, तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे शाळेआधीचे शिक्षण.
तिसरे, आयाबहिणींना आहार आणि आरोग्याची माहिती.
चौथे, लसीकरण.
पाचवे, आरोग्य तपासणी.
सहावे, आजारी किंवा अशक्त मूल वेळेवर दवाखान्यात पाठवणे.

लस टोचणे आणि तपासणे हे काम नर्सबाई आणि डॉक्टर करतात. पण मुले जमवणे, नोंद ठेवणे, 'या बाळाचे वजन दोन महिने वाढले नाही' हे ओळखणे, हे काम सेविकेचे. तिच्या वहीतल्या एका आकड्याने मूल वाचते.

पूर्वी लोक म्हणत, 'लहान पोराला काय कळते? सहा वर्षांचे झाले की घालू शाळेत.' पण माणसाच्या मेंदूची वाढ सर्वांत जास्त वेगाने पहिल्या सहा वर्षांतच होते. पेरणीची वेळ चुकली की मागून कितीही पाणी द्या, पीक साधत नाही. तसेच हे आहे. म्हणून २०२० सालच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तीन ते आठ वर्षांपर्यंतचा काळ हा शिक्षणाचा पाया धरला आहे.

६. सेविका कशी होता येते?

आजींनी विचारले, "मग सूनबाईनं काय करायचं?"

हे सर्वांनी नीट वाचा. आपल्या घरी, भावकीत, शेजारी कुणी शिकलेली मुलगी असेल, तर तिला सांगा.

महाराष्ट्रात सेविका आणि मदतनीस या जागांसाठी बाई किमान बारावी पास असावी लागते. वय १८ ते ३५. विधवा बाईला ४० पर्यंत सवलत आहे. ती त्याच गावची रहिवासी हवी. दोनपेक्षा जास्त हयात मुले नसावीत. नियमांत बदल होतो. म्हणून प्रत्येक वेळी जाहिरात पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी.

अर्ज तालुक्याच्या बालविकास प्रकल्प कार्यालयात द्यायचा. तिथल्या अधिकाऱ्याला बालविकास प्रकल्प अधिकारी म्हणतात. अर्जाबरोबर गुणपत्रक, जन्मतारखेचा दाखला आणि रहिवासी दाखला लागतो. विधवा असल्यास पतीच्या मृत्यूचा दाखला लागतो. जातीचा दाखला असेल तर तोही जोडावा. अर्ज दिल्यावर पोच घ्यावी. पोच घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नये.

आणखी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. 'मी साहेबाला ओळखतो, एवढे पैसे द्या, जागा तुमचीच,' असे सांगणारा भेटेल. त्याला एक पैसाही देऊ नका. निवड गुणांवर होते आणि निवडीची यादी लागते. यादीत चूक वाटली तर हरकत घेता येते.

७. गोड आणि कडू

आता कडू बाजूही सांगतो. नवऱ्या मुलीचे गुण सांगायचे आणि दोष झाकायचे, असे करू नये.

सेविकेला पगार नसतो, मानधन असते. ऑक्टोबर २०१८ पासून केंद्र सरकारने सेविकेला महिना ४,५०० रुपये आणि मदतनिसाला २,२५० रुपये ठरवले. त्यात राज्य सरकार आपली भर घालते. तरी कामाच्या मानाने पैसा कमीच, अशी सेविकांची तक्रार आहे. काम अर्ध्या दिवसाचे म्हणतात, पण वह्या, मोबाइलवरच्या नोंदी, घरभेटी आणि बैठका यांत दिवस पुरत नाही. ४ डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातल्या सेविका आणि मदतनिसांनी संप केला. तो दीड महिन्याच्या वर चालला.

पण हक्कही थोडे थोडे मिळत आहेत. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटी मिळाली पाहिजे. ग्रॅच्युइटी म्हणजे नोकरीच्या शेवटी, केलेल्या वर्षांच्या हिशेबाने मिळणारी एकरकमी रक्कम.

वर चढण्याची शिडीही आहे. केंद्राच्या नियमांप्रमाणे पाच वर्षे काम केलेल्या पात्र मदतनिसांतून सेविकांच्या निम्म्या जागा भरायच्या असतात. तसेच पाच वर्षे काम केलेल्या पात्र सेविकांतून पर्यवेक्षिकांच्या निम्म्या जागा भरायच्या असतात. पर्यवेक्षिका म्हणजे अनेक अंगणवाड्यांवर देखरेख करणारी बाई. ती पगारी सरकारी नोकर असते.

८. दुसऱ्या वाटा आणि मोठ्या संस्था

अंगणवाडीची जागा एकच असते. ती मिळाली नाही तर वाट संपली असे नाही. पाळणाघर, बालवाडी, खासगी बालमंदिर, स्वयंसेवी संस्था, सगळीकडे शिकलेली माणसे लागतात. हे काम पुरुषांनाही करता येते.

त्यासाठी शिक्षण घ्यावे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा बालसंगोपन आणि बालशिक्षणाचा पदविका अभ्यासक्रम बारावीनंतर घरी राहून करता येतो. कोणत्याही खासगी वर्गाची फी भरण्याआधी एकच प्रश्न विचारावा : 'तुमच्या प्रमाणपत्राला कोणाची मान्यता आहे? कागद दाखवा.'

देशपातळीवरच्या काही संस्थांची नावेही माहीत असावीत.

भारतीय बालकल्याण परिषद १९५२ साली स्थापन झाली. ती मुलांच्या कल्याणाचे काम करते.

भारतीय पूर्वप्राथमिक शिक्षण संघटना १९६४ साली स्थापन झाली. शाळेआधीच्या शिक्षणात काम करणारे लोक तिथे एकत्र येतात.

दिल्लीला १९६६ पासून बालविकासाची एक राष्ट्रीय संस्था आहे. अंगणवाडीच्या कामाचे प्रशिक्षण कसे द्यावे, याचे मार्गदर्शन तिथून होते. २०२५ साली तिला सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले.

मोबाइल क्रेशेस ही संस्था १९६९ साली दिल्लीत सुरू झाली. इमारतीच्या बांधकामावर आया विटा वाहत आणि त्यांची बाळे धुळीत पडलेली असत. ते पाहून मीरा महादेवन यांनी बांधकामावरच पाळणाघर उघडले. काम दुसरीकडे हलले की पाळणाघरही हलायचे. पुढे मुंबईत आणि पुण्यातही असे काम सुरू झाले. आपल्या गावचे जे लोक शहरात बांधकामावर जातात, त्यांनी अशा पाळणाघराची चौकशी जरूर करावी.

नूतन बालशिक्षण संघाचे नाव आपण वर वाचलेच आहे.

९. पुढे काय झाले?

त्या रात्री आजी घरी गेल्या. सून भाकरी थापत होती. आजी म्हणाल्या, "सूनबाई, तुझं गुणपत्रक कुठं हाय? काढून ठेव. उद्या तालुक्याला जायचं."

सून बघतच राहिली. "आत्याबाई, तुम्हीच तर नको म्हणत होतात!"

"तवा मला वाचता येत न्हवतं," आजी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दोघी तालुक्याला गेल्या. कारकून म्हणाला, "पोच उद्या न्या." आजी बाकावर बसल्या. म्हणाल्या, "पोच मिळेपर्यंत बसते, साहेब. घाई न्हाई." अर्ध्या तासात शिक्क्याची पोच मिळाली. आजींनी ती स्वतः वाचली आणि कमरेच्या पिशवीत ठेवली.

हा पाठ लिहीपर्यंत निवडीची यादी लागलेली नाही. गावातून आणखी तीन मुलींचे अर्ज आहेत. जिचे गुण जास्त तिची निवड होईल. कुणाचीही झाली तरी अंगणवाडीचे कुलूप निघेल.

पण आजी यादीची वाट पाहत बसल्या नाहीत. शेळ्या त्यांनी शेजारच्या दिराच्या कळपात सोडल्या. अंगण सारवले. आता रोज सकाळी नातू आणि आळीतली आणखी पाच पोरे तिथे जमतात. आजी त्यांना चिंचोके मोजायला लावतात, गोष्टी सांगतात. अंगणवाडी उघडते त्या दोन दिवशी सगळ्यांना तिकडे पोचवून येतात.

चौथीतली नात पुन्हा शाळेत जाऊ लागली आहे. तिचे पाढे सध्या बारापर्यंत आले आहेत.

सांगा पाहू :
१. अंगणवाडी हे नाव कसे पडले?
२. विकासवाडीत कोणत्या तीन गोष्टी एका जागी होत्या? त्यामुळे काय साधले?
३. अंगणवाडीची सहा कामे कोणती?
४. अर्ज दिल्यावर कोणती गोष्ट घेतल्याशिवाय परत येऊ नये?

करून पाहा :
आपल्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आज कोणता कागद लावला आहे? तो वाचा आणि ज्याला वाचता येत नाही अशा एका माणसाला सांगा.